रत्नमालेच्या टाळ्या

मंडळी, ऐका! देवानं दिलेल्या देहाला सुरी लावून घेतली, तर ते पाप का? — लगेच माना डोलवताय? थांबा! आधी विट्याच्या रत्नमालाबाईची गोष्ट ऐका, मग डोलवा!

बाई अंगानं दांडगी. साखर वाढली, डॉक्टरनं डोळे वटारले. बाईनं मनावर घेतलं — पहाटे चालणं, भात बंद, गोड बंद! दोन वर्षांत निम्मी झाली हो! चरबी गेली, पण कातडी कुठं जाणार? ती दंडाखाली लोंबायला लागली. घामानं पुरळ, खाज!

एवढी तपश्चर्या! लोकांनी काय म्हणावं? शाब्बास? छे! आपण माणसं ना!

एकादशीचं भजन. रत्नमाला डोळे मिटून टाळ्या वाजवतेय, नामात रंगलीय. आणि तिची थोरली नणंद यमुनाक्का मोठ्यानं म्हणते, "बघा गं! रत्नाच्या दोन-दोन टाळ्या — एक हाताची, एक दंडाची!"

सगळं देऊळ हसलं!

रत्नमालेचे हात तिथंच थांबले. दंडावर पदर ओढला, उठली, निघून गेली. त्या दिवसापासून तिचं देवळात जाणं सुटलं. ऐन वैशाखात लांब बाह्यांचे ब्लाउज! घरच्या आरतीलासुद्धा नुसते हात जोडून उभी.

शेवटी नवऱ्याला म्हणाली, "अहो, ऑपरेशन करते. जादा कातडी काढतात म्हणे."

दत्ताजीराव म्हणाले, "या वयात? कुणाला दाखवायला?"

"दाखवायला नाही. मला टाळी वाजवायचीय."

नवऱ्यानं दवाखान्यात फोन लावला!

यमुनाक्का धावत आली. "रत्ने, नाशिवंत देह गं हा! त्याचा कसला मोह?" — आणि मंडळी, हे वैराग्य सांगताना अक्काच्या केसांचा कलप घामानं कानशिलावरून ओघळत होता!

कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "काखेपासून कोपरापर्यंत व्रण राहील. कायमचा."

"राहू दे," रत्नमाला म्हणाली.

ऑपरेशन झालं. दुखलं हो, खूप दुखलं! हात वर जाईना. वेणी घालायला दत्ताजीराव बसायचे — वाकडीतिकडी, पण घालायचे!

बरी झाल्यावर बाई भजनाला आली. आखूड बाह्या. टाळी कडाडली! आणि यमुनाक्का? "अगं बाई! हे काय, गोधडीला टाके घातल्यागत!"

बघा! कातडी होती तेव्हा कातडी, गेली तर व्रण! माशीला बसायला जागा लागतेच!

रत्नमाला टाळी न थांबवता म्हणाली, "वन्सं, हा व्रण भरला. तुम्ही केलेला अजून भरायचाय."

अक्कानं हसण्यासाठी आजूबाजूला बघितलं. बायकांतल्या दोघी हसल्याच! पण रत्नमालेची टाळी थांबली नाही.

आता सांगा, पाप कुणाचं? डॉक्टरीणबाई निदान भूल देऊन कापते! आपण भूल न देता कापतो — तेही देवळात बसून!

आता प्रसादाची रांग लागेल. पुढं कुणी जाडी असेल, कुणी काळी, कुणी फेंगडी. लगेच शेजारणीच्या कानाला लागाल! त्याआधी प्रसादाचा मोठा घास भरा, आया-बायांनो — आणि बाप्यांनो, तुम्हीसुद्धा! तेवढा वेळ तरी तोंड पवित्र राहील!