काश्काची दाढ

...नाही, पण मला सांगा, घोड्याच्या नाकाला घाण वास येतोय म्हटल्यावर कुठला शहाणा माणूस त्याच्या तोंडात बघेल? नाकातून येतोय ना? मग आम्ही नाकात बघितलं! आणि तेही एकाच नाकपुडीतून हो, डावीकडच्या, आणि वास असा की आमचं कुत्रं उठून शेजारी राहायला गेलं! त्यात काश्का, म्हणजे माझा घोडा, कपाळावर पांढरा पट्टा, चाल अशी की वर बसून खुशाल चहा प्यावा, तो गवत तोंडात घ्यायचा, चघळायचा, चघळायचा... आणि बोळा करून पुढ्यात टाकायचा. आमची ही, बुरुलचा, म्हणते, ''दृष्ट लागली! तो शेजारचा तेमिरकुल 'काय देखणा घोडा' म्हणाला आणि थुंकला नाही मेला!'' झालं! अर्चाच्या झाडाची फांदी पेटवून धुरी दिली नाकाला. घोडा शिंकला. कुठे? माझ्या तोंडावर! तुम्हाला सांगतो, खोल प्रकरण आहे हो घोड्याचं तोंड म्हणजे!

बरं, दिवस कुठले? हिवाळा दारात! नारिनच्या डोंगरात थंडी पडली की घरटी एक घोडा कापायचा, हिवाळ्याच्या मांसाची बेगमी. आमचे सासरे, एशिमबाबा, रोज येऊन काश्काच्या बरगड्या चाचपायचे. ''जावईबापू, अंगावर चरबी आहे तोवर उरका. पुढे नुसतं कातडं शिजवाल.'' काश्काला कापायचं? अहो, वादळात मी जीनवर झोपलो होतो, तर या घोड्यानं मला बर्फातून दारात आणून उभं केलंय! पण सासऱ्यांपुढे बोलणार कोण? चाचरत म्हटलं, ''बाबा, एकदा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवू.'' ''दाखवा की. मी सुरी आणून ठेवतो.'' आणली हो! अंगणात बसून धार लावायला लागले!

डॉक्टरीणबाई, नुर्झामाल, उंचीनं घोड्याच्या छातीला लागतील एवढ्याच, पण त्यांनी इंजेक्शन दिलं, तोंडात लोखंडी चौकट बसवून जबडा उघडला आणि हात घातला... कोपरापर्यंत! ''वरची दाढ किडलीय. मुळाशी पू झालाय, तो नाकावाटे येतोय.'' म्हटलं, ''दाढेचा आणि नाकाचा काय संबंध?'' ''बॅटरी घ्या आणि डोकावा.'' डोकावलो... आणि मंडळी, काय सांगू! दाढांची रांग आत, आत, पार अंधारात गेलेली! इतकी वर्षं लगाम घालतोय मी या तोंडात, आणि मला काही म्हणजे काही ठाऊक नाही! खोल प्रकरण आहे हो घोड्याचं तोंड!

आता घोडा उभ्याउभ्या पेंगलेला, त्याचं डोकं उचलून धरायला खांदा हवा. मी पुढे झालो. रक्त पाहिलं. मागे झालो! तशी बाई कडाडल्या, ''म्हातारबा, ती सुरी ठेवा आणि इकडे या!'' एशिमबाबांना? हुकूम? भिंतीवर चढून बघणारं अख्खं गाव पुढे वाकलं... आणि बाबा गेले! निमूट! खांदा दिला! बाई चिमटा लावून हलवताहेत, पुन्हा हलवताहेत, अंगणातली सावली या भिंतीची त्या भिंतीला गेली, घोड्याची लाळ बाबांच्या कॉलरमधून आत चाललीय, आणि बाबा त्याच्या कानात पुटपुटताहेत, ''झालं हं राजा, झालं...'' राजा! मला इतक्या वर्षांत 'बरा आहेस का' म्हणाले नाहीत!

मग आवाज आला. चुळुक. चुळुक. ''सैल पडली!'' बाई ओरडल्या. आणि आली... येतेय... अहो, अजून येतेच आहे! माझ्या बोटाएवढी लांब दाढ! एवढं मोठं दुखणं तोंडात घेऊन हा मुका जीव मला पाठीवर वाहत होता? रडू फुटलं हो मला, सरळ रडू फुटलं. बाबांनी टोपी काढली, जी ते लग्नातसुद्धा काढत नाहीत! बुरुलचानं रिवाजाप्रमाणे ती दाढ रोटीत गुंडाळून शेजारून परत आलेल्या कुत्र्यापुढे टाकली, की नवा दात कुत्र्यासारखा बळकट येतो म्हणतात. कुत्र्यानं रोटी तेवढी खाल्ली. काय बोलणार, खोल प्रकरण!

दुसऱ्या दिवशी काश्कानं गवत खाल्लं. सगळं! बोळा नाही, काही नाही! बाबा बघत राहिले. सुरी म्यानात घातली. ''माझ्या खांद्यावर झोपलेल्याला मी कापणार होय?'' मी मनात नाचलो. पण पुढचं ऐका! म्हणाले, ''लळा लागला मला याचा.'' आता सासऱ्यांना घोड्याचा लळा लागला की जावयानं काय करायचं? लगाम हातात द्यायचा! आमच्याकडे तसंच आहे. दिला! हसत दिला! जखम भरल्यावर गेले की बसून, डुलत, ऐटीत!

जाताना बाई एवढंच म्हणाल्या होत्या, ''समोरच्या खालच्या दाढेला आता घासायला जोडीदार नाही. ती वाढत राहणार. दर वर्षी कानशीनं घासून घ्यायची. जन्मभर.'' मला वाटलं, घोडा गेला, आपण सुटलो. कुठले! परवा सासऱ्यांचा निरोप आला, ''जावईबापू, तुमच्या घोड्याची दाढ वाढलीय!''

बघा! बसायला घोडा त्यांचा, दाढ वाढली की माझा! निघालोय आता बाईंना घेऊन... काय करता? चालतच!