खंड्याच्या जागी

कानाझावातल्या फोटोच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं.

“अहो, माझ्या अंत्यविधीला ठेवायचा फोटो आजच छापून घेऊ. शेजारच्या हिरानोबाईंनी स्वतःचा केव्हाच करून ठेवलाय.”

“घेऊ की. नवा कॅमेरा आल्यापासून सगळे फोटो तारीखवार लावलेत. नुसत्या खंड्या पक्ष्याचेच नऊ हजार आहेत.”

“त्यात मी कुठंय?”

“शोधतोय ना. ही बघ, तळ्याकाठी.”

“मला कशाला काढलंत?”

“फोकस शिकत होतो. खंड्या यायचा होता, म्हणून त्याच्या जागी तुला उभं केलं.”

“बरी हसतेय की मी. कुठल्या कप्प्यात होता हा?”

“पुसून टाकायच्या.”

“मग आजच छापा. तुमची आवराआवर फार चोख असते.”