बाबांच्या संत्र्याला पाणी

तुम्हाला सांगते, अकोल्यात आमच्या गॅलरीतलं संत्र्याचं रोप पिवळं पडायला लागलं, तेव्हा माझी झोपच उडाली. बाबांनी जाण्याआधी शेंदूरजनाघाटहून आणलेलं ते शेवटचं रोप. ऑटोत कुंडी मांडीवर घेऊन आई आणि मी नर्सरीत गेलो.

नर्सरीवाल्या काकांनी माती चिमटीत दाबली आणि एकदम ओरडले, "काहून मारून राहिल्या व याले?"

मी दचकलेच.

"बोअरचं खारं पाणी देता. मातीचा पीएच वाढला, याले लोह घेता येत नाही. वरून मुळं सडून राहिली. दिवसातून किती वेळा पाणी देता?"

"एकदाच, सकाळी," आई म्हणाली.

"एकदाच, संध्याकाळी," मी म्हणाले.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. दोघीही एकमेकींना न कळू देता बाबांच्या रोपापाशी जाऊन बसत होतो.

काकांचा आवाज उतरला. "थोडं गंधक देतो, मातीत मिसळा. पाणी नळाचं द्या. पण आधी बोट खुपसून पाहा. दोन पेरं कोरडं लागलं तरच द्या."

आता नवी पानं हिरवी येतायत. कुंडीत मात्र रोज दोन छिद्रं दिसतात, एक आईच्या बोटाचं आणि एक माझ्या बोटाचं.