मनसफच्या ताटावरची शपथ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या इस्पितळाचे संचालक डॉ. अबू घालिब, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या डॉक्टर लमीस, आणि करक शहरातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

रुग्णांच्या नातेवाइकांतर्फे दोन गोड शब्द बोला, असं मला सांगण्यात आलंय. मी शाळामास्तर, गोड बोलण्याची सवय नाही. प्रयत्न करतो.

माझा धाकटा भाऊ शाहेर लठ्ठ आहे. तो समोरच बसलाय, त्याला विचारूनच सांगतोय. आपल्याकडे लठ्ठ माणसाला सगळे म्हणतात, "अरे, तोंडाला आवर घाल." आणि तेच लोक त्याच्यापुढे भात लोटतात. इस्पितळात समुपदेशन करणाऱ्या डॉक्टर लमीस यांनी त्याला नुसतं पथ्य सांगितलं नाही. समोर बसवून विचारलं, "पोट भरल्यावरही हात का थांबत नाही?"

तो म्हणाला, "थांबलो तर यजमानाला वाटेल, मी त्याच्या घराला नावं ठेवली."

"त्याला खरंच तसं वाटतं, की तुला वाटतं?"

हा एक प्रश्न आमचे बंधुराज आठवडाभर घरातल्या प्रत्येकाला विचारत फिरले.

मग डॉक्टरबाईंनी युक्ती काढली. कॉफी पुरे झाली की आपण रिकामा पेला हलवतो, कोणी राग मानत नाही. मग मनसफला, सगळ्यांनी एकाच ताटात खायच्या आपल्या मांस-भाताला, अशी खूण का नसावी? शाहेरनं घरी सराव केला. हात छातीवर ठेवायचा, "तुमचं घर भरलेलं राहो" म्हणायचं आणि ताटापासून मागे सरायचं. आत्या म्हणाली, "मेल्या, आजारी आहेस का?" तरी तो मागे सरला. हळूहळू तो किल्ल्याची चढण न थांबता चढू लागला. आमच्या आईनं ते पाहिलं आणि ती रडली.

आणि मग, अध्यक्ष महाराज, आपल्या चिरंजीवांचं लग्न झालं. जेवण उत्तमच होतं. शाहेरनं हात छातीवर ठेवला. आपण स्वतः मांसाचा मोठा तुकडा त्याच्यापुढे ठेवून शपथ घातलीत, "हा खाल्ला नाहीस तर माझ्या बायकोला तलाक." सगळे हसले. शाहेरनं तो तुकडा खाऊन अध्यक्ष महाराजांचा संसार वाचवला. थोड्या वेळानं पुन्हा वाचवला. घरी येताना मला म्हणाला, "दादा, झालं. मी असाच आहे."

"कधीतरी पाय घसरणारच, तेव्हा लगेच माझ्याकडे ये," असं बाईंनी सांगून ठेवलं होतं. तो गेला. बाईंच्या खोलीला कुलूप होतं. नुसत्या गप्पांना इस्पितळात जागा नाही, असं आपण ठरवलं होतंत. आता तिथे पोटाच्या ऑपरेशनचे रुग्ण ताटकळतात. खुर्च्या छान आहेत.

रविवारी शाहेरचंही तेच ऑपरेशन आहे, आपणच करणार आहात. आपला हात कसलेला आहे, पोट नक्की लहान होईल. पण बरा झाल्यावर तो पुन्हा कुणाच्या तरी ताटाशी बसेल. यजमान शपथ घालेल, आणि मुठीएवढ्या पोटाचा माझा भाऊ ती खोटी पडू देणार नाही. त्याला "नको" म्हणायला तेव्हा कोण शिकवणार? ज्यांना येत होतं त्यांना तर आपण आज हार घालतोय.

डॉक्टर लमीस, आमच्या घरातर्फे तुमचे आभार. संयोजकांचेही आभार. अध्यक्ष महाराज, बोलताना मर्यादा सुटली असेल तर क्षमा असावी. आणि राग धरायचाच असेल तर कृपा करून रविवारनंतर धरा. तोवर माझा भाऊ आपल्या हातात आहे.