लालसिंगाची सुडी

आता हे मलेच सांगा लागते काय, पास्टर? कोन्याही टपरीवर बसा, चहा येईपर्यंत सारं सांगतीन लोक—पन नाही, तुमाले माह्याच तोंडून पायजे, अन् वरतून रविवारी उपासनेत उभं राहून साक्ष द्या म्हनता. देवानं कसं सोडवलं ते सांगा म्हनता. बसा त्या बाजेवर. तिकडून नको, तिकडची दोरी तुटली—हां.

तं लालसिंगाची सुडी जळाली. सुडी समजते ना? तुमी शहरातले—सोंगलेलं सोयाबीन रचून ठेवतो आमी, मळनीचं मशीन येईपर्यंत. सारा हंगाम तिच्यात. ते जळाली, अन् धुऱ्याले, म्हनजे बांधाले, लागून माहं वावर, अन् त्याच धुऱ्यावरून आमचं भांडन—मंग कोनं लावली? भिवाजीनं लावली. पारावर बसवलं मले. लोक वाईट नाहीत बरं. लालसिंग म्हने, भिवाजी, देवीपुढं बेलभंडारा उचल अन् मोकळा हो, उचलला का आपल्या गावात कोनी पुढं इचारत नाही. म्या म्हनलं, आमच्यात नाही चालत. तं म्हने, बरं, तुह्या येशूची घे शपथ, आमाले तेही चालते. एवढं कोन म्हनते? अन् म्या तेही नाही केलं. काहून? तुमी पास्टर, अन् मले इचारता. येशूनं सांगतलं हाय ना, शपथ वाहूच नका, हाव तं हाव म्हना, नाही तं नाही. म्या म्हनलं, नाही लावली. त्याच्यापुढं मले काही बोलता येत नाही. शपथ घेत नाही म्हनजे लावलीच, असं ठरलं.

मारलं नाही कोनी. राम राम बंद झाला. म्या वाटेनं निघालो का मानसं आपापल्या सुडीपाशी जाऊन उभी राहत—उगंच, इकडंतिकडं पाहत. विश्वास होता का म्हनता? सकाळी उठलो का म्हनो, बापा, तुले ठाऊक हाय—अन् बैल सोडो. आतून काहीच नाही वाटे. पाय बधिर होते तसं, आपलाच हाय पन चिमटा लागत नाही. तरी रोज म्हनो. याले विश्वास म्हनत असान तं म्हना.

निघालं कसं? औंदा गावातल्याच सतीशच्या सुडीले भर दुपारी आग लागली, साऱ्यांच्या डोळ्यासमोर. मशीनले लालसिंगाचाच ट्रॅक्टर, त्याच्या सायलेन्सरातून ठिणग्या. मंग आठवलं लोकायले, मांगच्या साली हाच ट्रॅक्टर त्याच्या सुडीले लागून उभा होता. लालसिंग घरी आला, पाय धरले माहे. म्या म्हनलं, ऊठ, शेन हाय तिथं.

झाली ना साक्ष? मंग घरच्यायनं साथ दिली का, हे कायले इचारता? दिली ना. नळावर गेली का बाया गप होत, तरी घरी येऊन एका शब्दानं बोलली नाही घरवाली. भाकर करून वाढे. एक दिवस तुरीच्या शेंगा सोलता सोलता, मान खाली घालून म्हने—मले तरी खरं सांगा, म्या कोनाले सांगत नाही. एवढंच. गावानं निदान इचारलं तरी. तिनं तं झाकाचंच कबूल केलं. म्या म्हनलं, नाही लावली. बरं म्हने. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी काडीपेटी नाही—तिच्या कंबरेले खोचलेली. बिडीसाठी मांगतली—वढतो, त्याच्यावर मंग बोला—तं उठून सोता पेटवून दे, अन् काडी पान्यात बुडवून फेके. अजूनही काडीपेटी तिच्याच कंबरेले हाय.

देवानं सोडवलं, हाव. म्या कुठं नाही म्हनतो. पन उभं राहून सांगाले लावू नका. जा आता, कारंजाची जीप निघून जाईन. अन् जाता जाता तिले काही इचारू नका. लालसिंग येऊन गेला, सतीश येऊन गेला, पारावरचे सारे एकेक करून आले. एकच मानूस राह्यलं यायचं, अन् ते याच घरात राह्यते. माही भागिरथा.