ती नळदुर्गापर्यंत बोलत होती

लिवा, नाव सोनाबाई. आडनाव ऱ्हाऊ द्या, आडनाव सांगितलं की लोक पहिली जात हुडकत्यात आन मग ऐकायचं का न्हाय ते ठरवत्यात. माहेर माझं उमरग्याच्या खाली, कर्नाटकाच्या शिवंला, म्हणून मला कानडी येतंय, आन मुसलमानाच्या बायकांसंगं त्यांच्यावानी बोलता बी येतंय. बापानं दीक्षा घेतली तवा मी परकरात होते. लगीन होऊन जळकोटच्या बाजूच्या वाडीत आले. शाळा म्हणाल तर न्हाय, तोंड मात्र लई. सासू म्हणायची, हिच्या तोंडाला दार न्हाय आन कडी न्हाय. त्या तोंडावरच पुढं माझं पोट भरलं बघा.

बहात्तरच्या दुष्काळात आमी दोघं खडी फोडायला होतो. आमच्या मालकाला तिथंच खोकला लागला, रक्त पडाय लागलं, मग सोलापूरला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. मी खाटंखाली झोपायची. तिथं बघितलं ताई, काय सांगू तुम्हाला, डॉक्टर विचारतोय काय होतंय बाबा, आन आपलं माणूस म्हणतंय, काय न्हाय सायेब, बरं हाय. अंगात ताप फणफणतोय, उशाला रक्त पडलंय, तरी बरं हाय. मोठ्या माणसाम्होरं रडगाणं गायचं न्हाय, हीच आपली शिकवण. मला ऱ्हावंना. म्या म्हणलं, खोटं बोलतंय सायेब, रातभर बसून काढली त्यानं. मग शेजारच्या खाटंवरच्या कानडी म्हातारीचं बी मीच सांगाय लागले. म्हातारी बरी होऊन गेली. आमचे मालक तिथंच गेले.

गावात आले ती दवाखान्याची मावशी होऊनच. कुणाच्या बी घरात दुखणं आलं की सांगावा यायचा, सोनाबाईला धाडा. दवाखान्यात पहिलं विचारत्यात, नातेवाईक कोण? म्या म्हणायची, मी हाय की, मावशी. मराठ्याची मावशी, लिंगायताची मावशी, कासमभाईची खाला. आन वाडीत टँकर आला की त्याच बायका म्हणणार, सोनाबाई, हंडा जरा लांब धर. मी काय सोडणारी हाय व्हय? म्या म्हणायची, तुझ्या नवऱ्याचं मूत धरलं तवा न्हाय गं इटाळ झाला तुला. मग खाली माना घालायच्या, पण हंडा वढून घ्यायच्याच. देणंघेणं म्हणाल तर सुगी असली की मापटंभर ज्वारी, दुष्काळात भाकरी. आन नेलेल्यातलं किती माणूस परत आलं विचाराल तर ते नका विचारू. आपल्याकडं माणूस दवाखान्यात नेत्यात ते भगत झाला, अंगारा झाला, सगळं झाल्यावर. मी कितीबी भांडले तरी आजार काय माझं ऐकतोय?

आता कौसाचं सांगते. सांगायचं न्हवतं, पण आता तोंड उघडलंयच.

कौसा धनगराची सून, वाडीच्या भाईर त्यांची वस्ती. पाऊस पळाला तसा नवरा मेंढरं घेऊन चाऱ्यामागं गेलेला, त्याचा ठाव कुणाला न्हाय. घरात म्हातारी सासू, तिला सगळी अव्वा म्हणायची, आन सहा वर्सांची लेक संगी. कौसाच्या अंगावरनं जात होतं, किती म्हयने कुणास ठावं, कुणाला बोलली न्हाय. नवऱ्याला कसं सांगावं, सासूला कसं सांगावं. एक दिवस पाण्याच्या रांगंत पडली तवा लुगडं रक्तानं भिजलेलं दिसलं. अव्वा आली माझ्याकडं, लांब उभी ऱ्हायली आन म्हणली, सोने, नेतीस का? म्हणली, पाणी मात्र तिला दुसऱ्या कुणाच्या हातनं दे गं. म्या म्हणलं, म्हातारे, मरू दे का मग तिला तहानंनं? दुधाच्या सोसायटीची गाडी सकाळी सोलापूरला जायची, चेअरमनला हाता-पाया पडून कौसाला कॅनच्या मधी बसवलं. दुपारपत्तुर ती माझ्याच तांब्यातनं पाणी प्याली.

डॉक्टर पोरगेला होता, चांगला होता, खोटं कशाला बोलू. त्यानं विचारलं तर कौसा म्हणली, पोटात जरा दुखतंय. म्या सांगितलं सगळं, लाज सोडून, किती, कसं, कवापास्नं. कौसानं पदर तोंडावर घेतला. चार दिवस तपासलं. मग मला भाईर बोलावून म्हणला, मावशी, पिशवीचं दुखणं हाय, सगळीकडं पसरलंय, घरी न्या, सेवा करा. मी लई भांडले त्याच्यासंगं, इंजेक्शन द्या, रक्त द्या, काय बी करा. मग आत आले. कौसानं विचारलं, काय म्हणला गं? म्या म्हणलं, घरी जायचंय. ती हसली ओ ताई! म्हणली, मावशी, मला संगीला एकदा बघायचंय, तेवढं कर. म्या म्हणलं, करते. जिम्मा घेतला म्या.

दुधाची गाडी माघारी रिकामीच यायची, पण डायव्हर म्हणला, हे माणूस वाटंत गेलं तर उद्या ह्या कॅनमधलं दूध कोण घील? मग उरली एस्टी. तुम्हाला ठाव हाय का, जित्या माणसाला एस्टीत तिकीट मिळतंय, मेल्याला मिळत न्हाय. वाटंत माणूस गेलं आन कंडक्टरला कळलं तर खाली उतरवणार, मग बसा रस्त्यावर मढं घेऊन. खाजगी गाडी आमी कुठनं करणार. म्हणून जीव हाय तवर गाडीत बसवायचं, ही आमच्या कामातली सगळ्यात वाईट हुशारी.

खिडकीशी तिला बसवलं, मान माझ्या खांद्यावर. बोरामणीपत्तुर श्वास लागत होता मानंला. मग लागंना. म्या हात धरला, नाकाशी बोट नेलं, काय न्हाय. गेली. जळकोट अजून कुठल्या कुठं, आन कंडक्टर तिकिटं बघत मागं यायलेला. काय करू? म्या बोलाय लागले. कौसा, आलं बघ इटकळ, आता अणदूर, मग नळदुर्ग, संगी वाटंवर उभी असंल. काय म्हणतीस? व्हय, नवा परकर शिवू की तिला. तांबडा? तांबडा नको? समोरच्या बाकावर एक बाई बसली होती पिवळं लुगडं नेसून, म्या म्हणलं, पिवळा म्हणतीस? बरं बाई, पिवळा. आन शाळंत घालायची? घालू, घालू. माझ्या तोंडाला कडी न्हाय म्हणायची सासू, त्या दिवशी तेच तोंड उपेगी आलं. आन वरनं मी हसत बी होते.

कंडक्टर येऊन उभा ऱ्हायला. म्हणला, बाईला पाणी पायजे का विचारा. म्या तिच्या तोंडाशी कान नेला. म्हणलं, नको म्हणती. त्यानं वाकून तिच्याकडं बघितलं, मग घंटी वाजवून पुढं गेला. जळकोटला त्योच तिचं पाय धरून उतरू लागला. थंडगार पाय होते. त्यानं ते हळूच भुईवर ठिवलं आन गाडीत चढला. भला माणूस, त्याचं भलं होवो.

बैलगाडीनं वस्तीवर नेली. अव्वानं अंगाला हात लावला आन वरडली. सगळ्यांस्नी वाटलं, आत्ता गाडीतच गेली. आमच्या वाडीतला एक म्हातारा त्याच एस्टीत पुढं बसला होता, त्यो सांगाय लागला, आरं, नळदुर्गापत्तुर चांगली बोलत होती की सोनाबाईसंगं, म्या या कानानं ऐकलं. झालं. संगी माझ्या लुगड्याला धरून म्हणली, माझी आय काय बोलली? ते लेकरू बघा, नाक गळतंय, डोळं कोरडं. म्या म्हणलं, तुला पिवळा परकर शिवायला सांगितलाय.

तवापास्नं ती पोरगी पिवळंच नेसती. लग्नात हिरवी चोळी घालायची तर रुसून बसली, आयनं सांगितलं होतं म्हणून. आता तिला बी लेक झालीया, तिच्या अंगावर बी पिवळंच. शाळंत गेली ती बी आयनं सांगितलं म्हणून, सातवी शिकली. दर दिवाळीला येती, माझ्या चुलीजवळ बसती, माझ्या ताटात जेवती आन म्हणती, मावशी, सांग की, आणखी काय बोलली? मी सांगते. दर साली थोडं जास्त सांगते. कौसा माझ्या खांद्यावर गप पडली होती ओ, तिनं एक शब्द काढला न्हवता, दवाखान्यात लेकीला बघायचं तेवढं मागितलं होतं, ते बी माझ्यानं झालं न्हाय. संगीची आय मीच बोलले. आता ते मोडायचं म्हणलं तर संगीपाशी काय उरतंय?

आन आता माझ्याच पोटात गाठ हाय. मला डॉक्टरनं सांगायची गरज न्हाय, मी लई पोटं बघितल्यात. लेक न्हवता झाला, भाचा मुंबईला, त्याचा पत्ता न्हाय. आता वाडीतनं दवाखान्याला सांगावा धाडायचा तर कुणाला धाडायचा, मीच पडले. संगी आली परवा, म्हणली, मी येते संगं, नातेवाईक कोण विचारलं तर म्हणीन लेक. म्या म्हणलं, चल, पण येताना एस्टीत माझ्या बाजूला बस आन बोलत ऱ्हा. मी बोलले न्हाय तरी बोलत ऱ्हा, जळकोट येवस्तोवर. ती हसाय लागली, म्हणली, तू बोलायची न्हायस असं व्हईल व्हय मावशी?

म्या तोंडावरनं हात फिरवला तिच्या, म्हणलं, औक्षवंत हो. सोमवारी निघायचं हाय. नेसायला तिनं नवं लुगडं आणलंय मला, ते बघा खुंटीला, पिवळं.