सोमवार पाळणारा भूकंप

दिनांक ९/१२/२०२५, सकाळी ११.२० वाजता

मी उमादेवी वीरण्णा हत्तरगे, वय ५३ वर्षे, धंदा शाळेतील पोषण आहाराचा स्वयंपाक, राहणार नवी चिंचोडी, किल्लारीजवळ, जिल्हा लातूर.

समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगते ते असे की, मी वरील पत्त्यावर पतीसह राहण्यास असून गावातील हायस्कूलमध्ये नऊ वर्षांपासून खिचडी शिजविते. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष बसवराज आप्पा यांनी विज्ञानाचे सुदर्शन सर यांच्याविरुद्ध भूकंपाची अफवा पसरविल्याची तक्रार दिली आहे. त्याबाबत मला पोलीस ठाण्यात बोलावण्यात आले. मी जमादार साहेबांना म्हणाले, "मी बोलते तसंच लिहा, बाबा. तुमच्या भाषेत घातलं की माझं मलाच वळखू येत न्हाई." त्यांनी "हाव, लिहितो" म्हटले.

जुलै महिन्यात शाळेत भूकंप नोंदविण्याचे यंत्र आले. माझ्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत सिमेंटचा ओटा बांधून त्यावर ते बसविले. खोलीची चावी माझ्याकडे असते. जमीन हलली की शेजारच्या संगणकावरची रेघ वाकडी होते, एवढे मला कळते. उद्घाटनाला अध्यक्षांनी फ्लेक्स लावला होता, "आता आपली शाळा भूकंपमुक्त". सर त्यांना म्हणाले की यंत्र भूकंप थांबवत नाही, फक्त लिहून ठेवते. अध्यक्ष म्हणाले, "सर, फ्लेक्स छापून झालाय."

खंडेनवमीला हत्यारे-अवजारे पुजतात तशी यंत्राचीही पूजा केली. विभूतीचे तीन पट्टे ओढले. अध्यक्षांनी नारळ घेतला आणि सर नको नको म्हणेपर्यंत त्याच ओट्यावर फोडला. रेघ अशी उडाली की पोरी किंचाळल्या. अध्यक्ष लई खूश झाले. त्यांनी त्या रेघेचा कागद काढून घेतला आणि फ्रेम करून ऑफिसात लावला. खाली लिहिले, "अध्यक्षांच्या शुभहस्ते झालेली नोंद". त्या दिवशी यंत्रात काही बिघाड नव्हता.

आठवीतली शिवानी सगळ्या रेघांची वेळ वहीत लिहिते. दुपारी दीडच्या सुमारास हादरा बसतो असे तिला दिसले. सरांनी पोरांना समजावले की भूकंपात आधी बारीक धक्का येतो, मग मोठा येतो. ही रेघ एकदम उठते आणि लगेच विझते, म्हणजे हा सुरुंग आहे. शाळेपासून दीड किलोमीटरवर अध्यक्षांची दगडाची खदान आहे. ती कागदावर दोन वर्षांपासून बंद आहे. तिच्यातून टिप्पर भरून जातात काय, हे मला कोणी विचारलेले नाही, म्हणून मी सांगत नाही.

वही चाळताना शिवानीला दिसले की पाच महिन्यांत एकाही सोमवारी हादरा नाही. सरांनी तो तक्ता शाळेच्या फळ्यावर लावला. अध्यक्ष महादेवाचे पक्के भक्त आहेत. सोमवारी त्यांच्या खदानीत कोणी पहार उचलत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. लोक पोट धरून हसले. पारावर म्हणू लागले, "अगं बाई, भूकंपानं बी सोमवार धरला की!" दुसऱ्या दिवशी सरांवर तक्रार झाली.

काल दुपारी अध्यक्ष माझ्या घरी आले. चहा घेतला. म्हणाले, "उमाक्का, एवढंच सांगायचं. रोज दीडला तू उखळात मसाला कुटतीस. यंत्र तेच लिहायलंय." मी म्हणाले, "आप्पा, शाळेत उखळच न्हाई. मसाला पाकिटातून येतोय." ते म्हणाले, "उखळ पोचतंय उद्या सकाळी. अन् तुझ्या नेमणुकीवर दरसाल सही माझीच असतीय, ध्यानात ठेव." ते शब्दाचे पक्के आहेत. आज सकाळी मी शाळेत गेले तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात दगडी उखळ होते. दगड ताजा, टाकीचे घाव अजून पांढरे. बंद खदानीतले असावे.

जमादार साहेबांनी विचारले की मी कुटताना जोर किती लावते. मी म्हणाले, "साहेब, माझ्या हातानं हादरा बसत असता तर सोमवारी बी बसला असता. सोमवारी पोरं उपाशी ऱ्हातात व्हय?" यावर साहेबांनी मला पाणी पिण्यास सांगितले. मग त्यांनी आधीच लिहिलेली ओळ वाचली, "सदरचे हादरे माझ्या उखळाचे आहेत." मी नाही म्हणाले. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, नोकरी जाईल तुमची. एका ओळीनं काय बिघडतंय?"

काय बिघडते ते सांगते. त्र्याण्णवच्या आधीही आमच्या जुन्या गावात जमीन हलायची, मांडणीवरची भांडी वाजायची. माझ्या सासूने एका साहेबाला सांगितले होते. "गाडी गेली असंल," म्हणाले. कुठे लिहून घेतले नाही. भूकंपात सासू गेली आणि माझी मंजुश्री गेली. अकरा महिन्यांची होती, पाळण्यात होती. बत्तीस वर्षे झाली तरी त्या साहेबाचा मला राग येतो, आणि आपण नुसते ऐकून घरी आलो याचा त्याहून जास्त येतो.

शाळेच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ऑगस्टपासून चीर आहे. आता तिच्यात माझी चार बोटे जातात. त्याच भिंतीला पाठ लावून एकशे बारा पोरं जेवतात. मी रोज वाढते, मला त्यांच्या पाठीमागे ती चीर दिसते. नोकरी जाऊ द्या. या खेपेला हादरे कोणीतरी लिहून ठेवले आहेत. ते मी माझ्या सहीने पुसणार नाही.

माझे सांगणे जमादार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखविले. उखळाची ओळ मी खोडायला लावली व खोडलेल्या जागी वेगळी सही केली. बाकी लिहिलेले माझ्या सांगण्याप्रमाणे आहे व खरे आहे. उद्या हे खोटे म्हणण्यासाठी मला पुन्हा बोलावले तर मी येईन, पण सांगणे हेच राहील.

(सही) उमादेवी वीरण्णा हत्तरगे